डोळे एक ओळ पुढे

एकोणीस वर्षं मी भाषांतराच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवते आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली शेवटची सात-आठ वर्षं मी दमलेली आहे. हा शीण झोप काढून जाणारा नाही. दरवर्षी नवी बॅच येते, दरवर्षी मी तोच उतारा वाटते, आणि दरवर्षी पोरं पहिल्या अडलेल्या शब्दाशी गाडी थांबवून डिक्शनरी उघडतात. पान संपलं की मी विचारते, "काय म्हणतोय हा माणूस?" वर्ग चिडीचूप. शब्द सगळे शोधून झालेले असतात, पण तो माणूस काय म्हणतोय याचा कुणाला पत्ता नसतो.

म्हणून मी दोन नियम केलेत. पहिला नियम असा, की पान वाचायचं, बाकावर पालथं घालायचं आणि काय वाचलं ते आपल्या भाषेत सांगायचं. एका वर्षी एका वात्रट मुलानं फळ्यावर लिहून ठेवलं होतं, 'पालथ्या पानावर पाणी'. मी ते पुसलं नाही, कारण तो बरोबर होता. दुसरा नियम तोंडी भाषांतराचा. समोर इंग्रजी कागद धरायचा आणि तोंडानं आपली भाषा बोलायची, सलग, न अडखळता. त्याची युक्ती एकच आहे. डोळे तोंडाच्या एक ओळ पुढे ठेवायचे. तोंड एक ओळ सांगत असतं तोवर डोळ्यांनी पुढची ओळ वाचून ठेवलेली असते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की स्नेहसंमेलनात माझी नक्कल करणारी मुलगी दुसरं काही बोलतच नाही.

बाकी माझं काम म्हणजे लाल पेन. रोज दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या, शनिवारी वह्या द्यायच्या, मी चुका काढायच्या. माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, तू वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा लाल पेन फिरवशील." फिरवलंय एकदा. तिला अजून सांगितलेलं नाही.

तर या वर्षी पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला मान वर केली आणि पहिलं नाव वाचायचं राहूनच गेलं. पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट, कोरी वही, खिशाला दोन पेनं लावून मास्तर बसले होते.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. आमच्या संस्थेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, वय अडुसष्ट. शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, पण वर्गात त्यामुळे गंमत झाली. मी शिकवायची आणि मास्तर ते.

"तुम्ही इथं कसे?" तास संपल्यावर मी विचारलं.

"प्रवेश घेतला," ते म्हणाले. "ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, वयाची अट आहे. मी म्हटलं, कमीत कमी किती ते लिहिलंय, जास्तीत जास्त किती ते कुठाय? त्यांनाही सापडलं नाही."

"पण या वयात इंग्रजी कशाला, मास्तर?"

त्यांनी टेपनं माप घ्यावं तसं माझ्याकडे पाहिलं. "बाई, नात लिहायची थांबली. चौदा महिने झाले. तुम्ही वाचून दाखवायचात तेव्हा सगळं गोड होतं. गोड बोलणारी पोर मधेच अशी गप्प का होईल? आमच्याकडून काहीतरी चुकलंय आणि ते मला ऐकून कळलेलं नाही. तुम्ही चांगलंच वाचलंत, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण गिऱ्हाईक फोनवर माप सांगायला लागलं तर मी शिवत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागतं."

"मग आता बघता का ती पत्रं?"

"छे! मशीनच्या खणात बांधून ठेवलीत. कच्च्या हातानं चांगलं कापड कापायचं नसतं. तुमची वर्षअखेरची तोंडी परीक्षा पास झालो की मगच सोडणार."

"आणि नापास झालात तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. तोवर हात लावायचा नाही."

मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आमच्या संस्थेत बुधवारी आणि शनिवारी सकाळी एक खिडकी उघडते. परदेशातून आलेले कागद घेऊन लोक येतात, दवाखान्याचे, कंपन्यांचे, घरच्यांचे, आणि आम्ही ते फुकट वाचून दाखवतो. उत्तर द्यायचं असेल तर इंग्रजीत लिहूनही देतो. प्राचार्य याला समाजसेवा म्हणतात. ते स्वतः खिडकीत कधी बसलेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मास्तर पहिलं पत्र घेऊन आले ते माझ्याच खिडकीशी. त्यांचा मुलगा त्याच्याही पंधरा-सोळा वर्षं आधी परदेशी गेलेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलेलं, आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. नातीला कुणी पाहिलेलं नव्हतं. तिला आपली भाषा येत नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिनं असं लिहिलं होतं: शाळेत आजीआजोबांना पत्र लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते आहे. पत्ता बाबांच्या जुन्या कागदांत मिळाला. मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही. ते तुमच्याबद्दल कधीच बोलत नाहीत.

मी वाचलं, "प्रिय आजीआजोबा, तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं म्हणून लिहिते आहे. बाबा तुमच्याबद्दल नेहमी बोलतात."

डोळे एक ओळ पुढे होते ना. डोळे त्या ओळीवर आधी पोचले आणि तोंडाला वळायला वेळ मिळाला. समोर मास्तर हात मांडीवर ठेवून, श्वास धरून बसले होते. त्यांच्यामागे सतरा माणसांची रांग होती आणि त्यातला एकजण दर दोन मिनिटांनी विचारत होता, "बाई, अजून किती वेळ?" खरं वाचलं असतं तर मास्तर मोडले असते, आणि मग मला अर्धा तास त्यांची समजूत घालत बसावं लागलं असतं. त्यात दया किती होती आणि कंटाळा किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कंटाळा बराच होता.

पण एक खोटं निस्तरायला दुसरं लागतंच. मास्तरांनी उत्तर सांगितलं, "तिला विचारा, बाबा आमच्याबद्दल काय काय बोलतात." आता हे कसं लिहिणार? मी लिहिलं की आजोबांना तुझ्या शाळेबद्दल ऐकायला आवडेल. मग तिनं शाळेबद्दल लिहिलं. मग मास्तर म्हणाले, आपण विचारलं एक आणि पोरगी सांगते भलतंच, लहान आहे. असं करत करत दोन्हीकडची पत्रं मीच लिहायला लागले. मधलं टपालखातं तेवढं खरं होतं.

पाचव्या पत्रात तिनं कोटाचं विचारलं.

तिनं लिहिलं होतं: आमच्या जिन्यात आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात बाबांच्या कोटाच्या बाह्या इतक्या लांब आहेत की फक्त बोटं दिसतात. मी बाबांना म्हटलं, तुझे वडील तर टेलर आहेत ना? ते जेवता जेवता उठून गेले. आजोबा, तुम्ही बाबांचा कोट का शिवला नाही? तुम्ही त्यांना काय म्हणालात?

मी वाचलं, "आमच्याकडे बाबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात बाबा फार छान दिसतात."

मास्तरांनी शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं. मग म्हणाले, "लिहा तिला, तुझा बाबा लहानपणापासून देखणाच आहे." आणि हे मात्र मी जसंच्या तसं लिहिलं, शब्दाला शब्द. म्हणजे पोरीनं बाह्यांचं विचारलं आणि तिला उत्तर गेलं, तुझा बाबा देखणा आहे. सहाव्या पत्रात तिनं पुन्हा विचारलं. सातव्यात लिहिलं: मी दोनदा विचारलं आणि तुम्ही दोन्ही वेळा भलतंच लिहिलंत. मला वाटतं बाबांचंच बरोबर असणार. आता मी लिहिणार नाही. मी मास्तरांना सांगितलं की तिचा अभ्यास वाढलाय, आता पूर्वीसारखं लिहिणं जमायचं नाही, काळजी घ्या म्हणतेय.

ही सात पत्रं मास्तरांच्या मशीनच्या खणात होती, आणि ती वाचता यावीत म्हणून मीच त्यांना शिकवणार होते. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, तोही हप्त्याहप्त्यानं.

पहिले दोन महिने मला आशा होती. मास्तरांना एक ओळ वाचायला पाव तास लागायचा. त्यांच्या शेजारी एक मुलगी बसायची, तिला सगळे 'डिक्शनरी' म्हणायचे, कारण ती 'आणि'चासुद्धा अर्थ बघून खात्री करायची. ती मास्तरांना आजोबा म्हणायची आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्या वहीत उतरवून द्यायची. हे असंच चाललं तर मास्तर पाच वर्षांत पत्रापर्यंत पोचत नाहीत, असा हिशेब मी मनात केला. लाज वाटली, पण केला.

मग एके दिवशी मास्तर तिला म्हणाले, "पोरी, हे पुस्तक दे बघू." तिनं दिलं. त्यांनी खाली वाकून ते डुगडुगणाऱ्या बाकाच्या आखूड पायाखाली सरकवलं. "आता बाक हलत नाही. आता वाचू."

"अहो आजोबा, पण अडलं तर?"

"अडलेलं राहू दे तसंच. सदरा उसवायचा झाला तर मी टाका टाका मोजत बसत नाही. उलटा करून बघतो, कुठला तुकडा कुठं जोडलाय. बाई तेच सांगतात. पान पालथं घाला म्हणतात ते कशाला?"

एकोणीस वर्षांत मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं, की मी काय शिकवते. मला फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईट वाटलं. त्यानंतर मास्तर सुटलेच. नोटिसा, जाहिराती, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, जे दिसेल ते वाचायचे, पालथं घालायचे आणि सांगायचे. शब्द चुकायचे, पण लिहिणाऱ्याच्या मनातलं चुकायचं नाही. "बाई, ही कंपनी माफी मागतेय, पण मनापासून नाही," असं एका पत्रावर म्हणाले. ते पत्र मी दहा वर्षं वर्गात वापरतेय. मला स्वतःला ते दिसलं नव्हतं.

त्यांच्या दहा ओळी मात्र बघवत नसत. काळ इकडचा तिकडे, क्रियापद भलतीकडे. मी लाल करून परत द्यायचे. मास्तर वही नाकाशी धरून म्हणायचे, "इतकं रक्त तर माझ्या सुईनं चाळीस वर्षांत काढलं नाही."

सांगून टाकावं असं मी रोज ठरवत होते. एकदा फाटक्या अस्तराचा कोट घेऊन त्यांच्या दुकानातही गेले. मास्तर सूत आणायला बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी आतल्या बाजूला काजं करत बसल्या होत्या. जाड चष्मा, बोटाला शिवणाचं टोपण, जिभेला धार.

"या बाई. आमचे हे शिकतायत का काही, की नुसतं तुमचं डोकं खातायत?"

"चांगले शिकतायत."

"बरं झालं. घरात आता बाटल्या, डबे, सगळ्यांवरचं वाचून दाखवतात. मी म्हटलं, अहो, साबण आहे तो, मला वास येतोय." मग त्या हसायच्या थांबल्या. "तुमचे उपकार आहेत हो. ती पत्रं हे घरी येऊन मला तुमच्याच शब्दांत म्हणून दाखवायचे. बाबा नेहमी बोलतात, असं पोरीनं लिहिलं होतं ना पहिल्या पत्रात? त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढलेत, तुम्हाला काय सांगू."

 मी अस्तर किती दिवसांत होईल ते विचारलं आणि घरी आले. झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली, आणि मला घरी जेवण गेलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. तोंडी परीक्षा मी एकटीच घेते. विद्यार्थी एकेक करून आत येतो, मी कागद देते, तो वाचत वाचत आपल्या भाषेत सांगतो, मी शेरा लिहिते. माझ्या शेऱ्याला कुणी विचारणारा नाही. म्हणजे मास्तरांच्या खणाची किल्ली माझ्या पेनात होती. नापास असं लिहिलं की आणखी एक वर्ष. आणि वर्षभरानं अडुसष्टचे एकोणसत्तर, कुणी सांगावं, कंटाळून सोडूनही देतील. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. चांगल्या माणसाच्या डोक्यात असलं येत नाही, असं मला पूर्वी वाटायचं.

मी त्यांच्यासाठी मुद्दाम वाकडा उतारा काढून ठेवला होता. विम्याच्या अटी, एकात एक अडकलेली लांबलचक वाक्यं. गेल्या वर्षी त्याच उताऱ्यानं तीन पदवीधर आडवे केले होते.

मास्तरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि सुरू झाले. संथ, पण सलग. दुसऱ्या ओळीत एक शब्द त्यांना माहीत नव्हता. मला दिसलं, कारण त्यांची भुवई हलली. पण तोंड थांबलं नाही. त्यांनी पुढून वळसा घेतला आणि अर्थ बरोब्बर आणून ठेवला. शेवटी कागद पालथा घातला आणि न विचारताच म्हणाले, "थोडक्यात, पैसे देणार म्हणतायत, पण न द्यायच्या वाटा आधीच काढून ठेवल्यात."

मी हातातल्या पेनाकडे बघत बसले.

"जमलं का, बाई?"

"जमलं."

"तुम्ही म्हणता ते खरंय. डोळे पुढे गेले की तोंडाला सवड मिळते." ते कागद घडी करता करता म्हणाले, "त्या सवडीत माणूस काय वाटेल ते करू शकतो."

ते सहज बोलले की काही मनात ठेवून, मला कळलं नाही. मी उत्तीर्ण असं लिहिलं. यात माझा काही चांगुलपणा नाही. इतक्या वर्षांत मला हवं तसं वाचणारा एकच विद्यार्थी मिळाला होता, आणि त्याच्या नावापुढे नापास लिहायला हात वळेना, एवढंच.

ती परीक्षा शुक्रवारी झाली. शनिवारी खिडकीत मास्तर आले नाहीत. पुढचे चार दिवस मी दुकानाच्या गल्लीतून न जाता मोठ्या रस्त्यानं घरी गेले.

बुधवारी खिडकी उघडली तर रांगेत तिसरे मास्तर, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी. मास्तरांच्या हातात दोऱ्यानं बांधलेला पत्रांचा गठ्ठा. त्यांचा नंबर आला. बायकोला त्यांनी स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले.

"सातही वाचली," ते हळू आवाजात म्हणाले. "चार दिवस लागले. दोनदा वाचली, म्हणून."

"मास्तर, मी तुम्हाला..."

"ते नंतर. आधी हे पाचवं हिला वाचून दाखवा. मी वाचलं तर हिला वाटेल, यांना अजून नीट येत नाही, काहीतरीच सांगतायत. तुमच्या तोंडचं ऐकायची सवय आहे तिला." त्यांनी कागद माझ्यासमोर उलगडला. "आहे तसं वाचा."

मी वाचायला लागले. आमच्या जिन्यात आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात बाबांच्या कोटाच्या बाह्या इतक्या लांब आहेत की फक्त बोटं दिसतात. इथवर आले आणि डोळे पुढच्या ओळीवर गेले आणि तोंड मागंच राहिलं.  आयुष्यभर मुलांना सांगत आले, थांबायचं नाही, आणि मी तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या साध्या इंग्रजीत अडकले.

मास्तरांनी खिडकीतून हात आत घातला आणि ओळीवर बोट ठेवलं. "'मी बाबांना म्हटलं, तुझे वडील तर टेलर आहेत ना?'" ते आपल्या भाषेत वाचायला लागले, सलग, न अडखळता. "'ते जेवता जेवता उठून गेले. आजोबा, तुम्ही बाबांचा कोट का शिवला नाही? तुम्ही त्यांना काय म्हणालात?'"

बायकोनं चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय म्हणाले ते मला विचारा ना. मी तिथंच होते की. म्हणाले, त्या लग्नासाठी माझ्या मशीनवर धागा चढणार नाही, तयार कोट घे, तुला तयारच माल आवडतो. कोटाचं अस्तर मी आधीच आणून ठेवलं होतं. अजून आहे ट्रंकेत." मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही आम्हाला का नाही वाचून दाखवलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं. आणि मग उरलेलंही सांगितलं, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता. "आणि रांग मोठी होती म्हणून. मी दमले होते."

"आणि पोरीला उत्तर काय गेलं?"

"तुझा बाबा देखणा आहे, असं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. एवढंच म्हणाल्या, "बाह्यांचं विचारलं होतं हो तिनं."

मला रडू आलं. खिडकीत बसून, रांगेसमोर. त्या दोघांनी माझी समजूत घातली नाही, आणि घालायला नकोच होती.

मास्तरांनी खिशातून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं, त्यांच्या त्या तिरक्या इंग्रजी अक्षरात. सवयीनं माझा हात लाल पेनाकडे गेला.

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "चुका असतील. असू द्यात, माझ्या आहेत. फक्त वाचा, आणि तिला कळेल की नाही ते सांगा."

मी वाचलं. त्यांनी धागा न चढवण्याचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की मी हे म्हणालो, ते चूक होतं, आणि ज्या दिवशी म्हणालो त्याच दिवशी मला कळलं होतं. पुढे लिहिलं होतं की तुझ्या बाबांचं माप मला पाठव, खांद्यापासून मनगटापर्यंत. सांगूनही त्यानं दिलं नाही तर तो झोपल्यावर घे. तुझ्या आजीनं अस्तर ठेवलंय. त्याखाली एक चित्र होतं. कोटाची बाही, आणि टेप कुठून कुठवर धरायची ते बाणांनी दाखवलेलं. आणि शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: तुझं पत्र वेळेवर आलं होतं. मला वाचायला उशीर झाला.

त्या पत्रात अकरा चुका होत्या. माझं नाव कुठंच नव्हतं.

मी पेनाला टोपण लावलं. "कळेल तिला," मी म्हटलं. "सगळं कळेल."

"मग आता ते सहावं आणि सातवं वाचून दाखवा हिला," मास्तर म्हणाले आणि गठ्ठ्याचा दोरा सोडायला लागले. "आणि मग पहिल्यापासून."

मागून रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "बाई, अजून किती वेळ?"

"वेळ लागेल," मी म्हटलं, आणि सहावं पत्र उलगडलं.